रेडीच्या स्फोटात वर गेलेला हात

मालवण,
मासळीबाजाराच्या मागची माडी,
मंगळवार

आदरणीय आणि लाडक्या फेलिसिदाद मावशीस,

तुझ्या मेल्विनाने दोन्ही हात जोडून बेसांव मागितलं आहे, ते द्यावं. (पत्रातून मागितलेला आशीर्वाद लागू पडतो की त्यासाठी थोरल्यांसमोर उभंच राहावं लागतं, हे फादरना एकदा विचारून ठेव. लागू पडत असेल तर वाचता वाचताच हात वर कर. तुझ्या उजव्या हाताला माझ्या कामात हल्ली फार महत्त्व आलं आहे. कसं, ते पुढे येईल.)

तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात की अजून शेवंतीच्या परसातच ठेवून येतात? टायगरची तब्येत विशेष काळजीने विचारते, कारण गेली अकरा वर्षं तुझ्या आणि मिंगेल मामाच्या घरांमधला सगळा व्यवहार त्या कुत्र्यामार्फत चालला आहे आणि आता या वयात त्याला एवढी जबाबदारी झेपत नसणार. मागे मी आले होते तेव्हा तू खळ्यात उभी राहून म्हणालीस, "टायगर, सांग तेका, तेचो नारळ माज्या कौलार पडलो." लगेच गडग्यापलीकडून मामाचा आवाज, "टायगर, इचार तिका, नारळ परत देतली काय कालवणात घातल्यान?" तो बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून थकला आणि शेवटी मधल्या क्रुसापाशी जाऊन झोपला. (तो क्रूस अजून अर्धा पांढरा आणि अर्धा निळाच आहे ना? पर्यटक त्याचे फोटो काढतात. त्यांना वाटतं ही आमच्याकडची जुनी कला आहे. एका बाजूला बहिणीने चुना लावायचा आणि दुसऱ्या बाजूला भावाने नीळ, ही कला किती जुनी आहे ते त्यांना कोण सांगणार?)

फोन न करता पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोन तू स्पीकरवर ठेवतेस, त्यामुळे तुझ्याशी बोलणं म्हणजे वाडीशी बोलणं. शिवाय मामाचं नाव निघालं की तुझ्या फोनची रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. फार तर तू ते डब्यात टाकशील, पण मला ठाऊक आहे, संध्याकाळी चष्मा लावून परत काढशील.

तर मी महिनाभर इथेच आहे. पावसाआधी राहिलेली दृश्यं उरकायची म्हणून आमच्या दिग्दर्शकाने, देवेशने, सगळं बिऱ्हाड मुंबईहून मालवणला हलवलं आणि मला ही माडी मिळाली. मी दिवसभर पडद्यासमोर बसून ट्रक उडवते, खाली बाजारात बायका सुरमईच्या भावावरून भांडत असतात, आणि खरं सांगते, माझ्या पडद्यावरच्या मारामारीला खालच्या मारामारीची सर नाही.

माझं काम नेमकं काय, हे तू लोकांना कसं सांगतेस ते माझ्या कानावर आलं आहे. "आमची मेलू फिल्मात मारामारी करता," असं तू चर्चच्या दारात सांगितलंस. तेव्हापासून फादर माझ्याशी बोलताना आधी माझ्या दंडांकडे बघतात. मावशी, मी मारामारी करत नाही. मी मारामारीचं संकलन करते. वीस वर्षांपूर्वी शिकून मुंबईला गेले तेव्हा मला फक्त रडण्याची कामं मिळायची. बाईमाणूस आहे, रडणं हिला कळेल, असा हिशेब. सासू रडते, सून रडते, दोघींच्या मधे नळ गळतो. मग एका मोठ्या संकलकाला कावीळ झाली, त्याची अर्धी राहिलेली मारामारी माझ्या टेबलावर येऊन पडली, आणि मी ती अशी काही जोडली की पुढे मला कोणी रडूच दिलं नाही.

यातलं गुपित तुला सांगते. सिनेमात कोणी कोणाला मारत नाही. मूठ जबड्याच्या वीतभर अलीकडे थांबते. ती वीत मी भरून काढते. मूठ येण्याचा एक तुकडा, मान फिरण्याचा एक तुकडा, आणि त्यांच्या मधे जे घडलंच नाही ते बघणाऱ्याच्या डोक्यात घडतं. म्हणजे वीस वर्षं मी न लागलेले ठोसे लावते आहे आणि माझा एकही वाया गेलेला नाही. (हे मी गर्वाने म्हणते. गर्व पाप आहे हे माहीत आहे, पण कामाचा गर्व हे लहान पाप असावं.) आणि हे मी कुठे शिकले म्हणशील, तर तुझ्या खळ्यात. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा तू आणि मामा भांडायचात. बाकीची पोरं बोलणाऱ्याकडे बघायची. मी ऐकणाऱ्याकडे बघायचे. शब्द फेकणाऱ्याचं तोंड एकसारखंच असतं. ज्याला लागतो त्याच्या तोंडावर खरी गोष्ट असते. अकरा वर्षांपूर्वी, क्रुसापुढे प्रार्थना गायच्या त्या लदीनच्या संध्याकाळी, मामाने सगळ्या वाडीसमोर, फादरसुद्धा उभे असताना, व्हायोलिन खाली घेऊन म्हटलं होतं ना, "फेलिसिदाद, तुजो सूर वेंगुर्ल्याक पोचलो गो, लदीन अजून हयच आसा!" त्या वेळी सगळे हसले, फादरही हसले. मी तुझ्याकडे बघत होते. नंतर मामाकडे बघितलं. हशा ऐकून त्याची छाती फुगली होती, आणि तू पुस्तक मिटून घरात गेलीस तेव्हा ती कशी खाली बसली, ते तू पाहिलं नाहीस. तुझी पाठ होती.

त्या दिवसापासून एकाच क्रुसापुढे दोन लदीनी होतात. एक दिवस मामा गाण्याशिवाय नुसतं व्हायोलिन वाजवतो, आणि दुसऱ्या दिवशी तू व्हायोलिनशिवाय नुसती गातेस. वाडीतली माणसं दोन्हीकडे येतात, कारण चणे दोन्हीकडे मिळतात.

आता रेडीचं. तो दिवस तू जगलीस, पण त्याची माझी बाजू तुला माहीत नाही. बंदरावर स्फोट करायचा, लोहमातीचे लाल ढीग पाठीमागे आणि यशवंतगडावरून एक कॅमेरा, ही देवेशची कल्पना. गर्दी हवी होती म्हणून आपल्या वाडीची बस भरून नेली. संकलकाने शूटिंगला जायचं नसतं. गेलं की माणसांची दया येते आणि दया आली की कापता येत नाही. म्हणून मी गेले नाही. पण ही गर्दी माझ्याच वाडीची आहे हे मला कळलं, तसं त्यातली माणसं ही मेल्विनाच कापणार, हे वाडीलाही कळलं. मग काय विचारतेस! शेवंतीने कोकमाची बाटली पाठवली, सोबत निरोप, की तिची मान डावीकडून बरी दिसते. बाबलीचं प्रकरण त्याहून अवघड. त्याला खलनायकाच्या माणसांनी सकाळी गोळी घातली, तो मेला, जेवला, आणि दुपारी गर्दी कमी पडली म्हणून परत उभा राहिला. आता मला म्हणतो, "मेलू, मेल्यार रवलंय तरी चलात, पण दोनदा दिसाक व्हया." मी त्याला दोन्हीकडे ठेवला आहे. एवढ्या धुरळ्यात मेलेला माणूस पळताना दिसला तर लोक त्याला जुळा भाऊ समजतील.

सूचना साधी होती. ट्रक फुटला की सगळ्यांनी किंकाळ्या फोडत समुद्राकडे पळायचं. ट्रक एकच होता, तेव्हा फुटायचं ते एकदाच. आमच्या नायकाने स्फोटाकडे पाठ करून शांतपणे कॅमेऱ्याकडे चालत यायचं. (नायकाने स्फोटाकडे मागे वळून बघायचं नसतं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात कडक नियम आहे. घर जळत असलं तरी बघायचं नाही.) नायक चालू लागला, ट्रक फुटला, आणि शेवंतीच्या घरची सगळी माणसं शिकवल्याप्रमाणे किंचाळत पळाली. पण तुम्ही सगळे, लदीनवाले?

तुम्ही जागच्या जागी थांबलात आणि क्रुसाची खूण केलीत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले. देवेशला काही कळेना. तो म्हणाला, यांना काय झालं, हे पळत का नाहीत? त्याला कुठून कळणार? आपल्याकडे लदीन संपली की बाबली क्रुसामागे गरनाळ उडवतो. धडाम झालं की क्रुसाची खूण करायची, आणि लगेच धाकट्यांनी थोरल्यांकडे वळून हात जोडून बेसांव मागायचं, हे आपण पाळण्यात असल्यापासून करत आलो. धडाम म्हणजे लदीन संपली. आता ट्रक काय आणि गरनाळ काय, हातांना काय कळतं? पंधरा-वीस माणसं बॉम्बस्फोटात भक्तिभावाने उभी, आणि त्यांच्यापुढून आमचा नायक आगीकडे पाठ करून चालतो आहे. मागे काय चाललंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग, मावशी, मला मागे उजवीकडे तुम्ही दोघं दिसलात.

तू बसमधून उतरल्यावर सगळ्यांना सांगितलंस म्हणे, की "मी माशी हाकलत होतंय." शेवंतीने मला कळवलं. (येताना बसमध्ये तू पुढच्या बाकावर आणि मामा सगळ्यात मागे. टायगर सोबत नव्हता, म्हणून दोघंही मुकी, हेही कळवलं.) मावशी, असल्या स्फोटांसाठी आम्ही एक खास कॅमेरा लावतो. त्यात डोळ्याची पापणी मिटायला एवढा वेळ लागतो की तेवढ्यात तू भाकरी थापशील. तो कॅमेरा तुमच्या बाजूला होता. मी ते दृश्य इतक्या वेळा पाहिलं आहे की तुझ्या ओढणीवरची फुलं मला पाठ झाली. त्यात माशी नाही. ट्रक हवेत जातो. मामा क्रुसाची खूण करतो. मग सवयीने वळतो, सगळ्यात जवळच्या थोरल्या माणसाकडे, हात जोडतो, मान खाली घालतो. मान खाली गेल्यावर त्याला समोरचे पाय दिसतात. कोणाचे पाय आहेत हे त्याला कळतं, ते मला दिसतं. हात सोडून तो मागे फिरू शकला असता. त्या कॅमेऱ्यात त्यासाठी भरपूर वेळ होता. तो फिरला नाही, तसाच वाकून राहिला. आणि आगीचे लोळ उठलेले असताना, वरून लाल माती पावसासारखी पडत असताना, तुझा उजवा हात सावकाश वर जातो आणि त्याच्या डोक्यावर थांबतो.

माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात कोणी न मारलेले हजारो ठोसे मी लावले. पण जे खरंच घडलं असं काही माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलं होतं.

देवेश म्हणाला, "हे पुसून टाकू." मावशी, हल्ली माणसं पुसता येतात. मागची म्हातारी आणि म्हातारा काढायचे आणि त्यांच्या जागी संगणकावर आग लावायची, एका दिवसाचं काम. शिवाय नायकाच्या माणसांची तक्रार आली होती, की या दृश्यात कोणी नायकाकडे बघतच नाही. ती तक्रार खरी होती. मी म्हटलं, पुसायचं नाही. देवेश म्हणाला, हा मारधाडीचा सिनेमा आहे, इथे बारसं चाललंय का? मी म्हटलं, देवेश, तू अडीच तास बंदरं, गाड्या आणि पूल उडवतोस. का उडवतोस ते तुलाही माहीत नाही. नायक कोणाला वाचवतोय ते लोकांना एकदा तरी दिसायला हवं. तो म्हणाला, सोमवारपर्यंत पटवा, नाहीतर आग लावतो.

मी त्या सोमवारची वाट बघत बसले नाही. दृश्य दोन तऱ्हांनी जोडलं. पहिल्यात तुम्ही नाही: ट्रक, आग, नायक, परत आग. छान झालं होतं, मी केलं होतं म्हणजे छान होणारच. दुसऱ्यात नायक चालत येतो, आणि स्फोटाचा सगळ्यात मोठा क्षण जिथे दाखवायचा तिथे मी ट्रक दाखवलाच नाही. तुझा हात दाखवला. ट्रकचा नुसता उजेड तुम्हा दोघांच्या तोंडावर. शनिवारीच देवेशला बोलावलं आणि एकापाठोपाठ एक दोन्ही लावली.

पहिलं बघून तो म्हणाला, मस्त. दुसरं बघून उठून गॅलरीत गेला. मी दार लावायला उठले नाही (त्याला मी संकलकाची शिस्त म्हणते, तू भोचकपणा म्हण), म्हणून ऐकू आलं. तो नागपूरला त्याच्या थोरल्या बहिणीला फोन करत होता आणि तिच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं असं विचारत होता. बराच वेळ कुंड्यांवरच बोलला. परत आला तेव्हा चिडलेला होता. "ठेवा," म्हणाला. "पण एक अट आहे." अट किरकोळ आहे, ती खाली लिहिते.

म्हणजे तू सिनेमात आहेस, मावशी. पुसली गेलेली नाहीस. कणकवलीच्या थेटरात तुझा हात भिंतीएवढा दिसेल. सगळी वाडी बस करून जाईल आणि माशी शोधेल. ती कोणालाही सापडणार नाही. तेव्हा आत्तापासूनच दुसरं काहीतरी कारण शोधून ठेवलेलं बरं.

गुडघ्याला तेल लाव, उन्हात सुके मासे राखत बसू नकोस. टायगरला माझ्या वतीने एक हाड.

तुझ्या बेसांवाची वाट बघणारी,
मेल्विना

ता.क. अट अशी. त्या क्षणी तुम्हा दोघांचे ओठ हलताना दिसतात, पण स्फोटाच्या आवाजात शब्द गेले. देवेश म्हणतो, ओठ हलले तर आवाज हवा. तेव्हा ज्याचे ओठ त्यानेच येऊन ते शब्द परत म्हणायचे आणि आम्ही ते टिपून घ्यायचे. गुरुवारी सकाळी गाडी पाठवते. इथे शेजारच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आवाजाची खोली केली आहे. आत बाहेरची माशीसुद्धा ऐकू येत नाही.

आणखी एक. गाडी एकच आहे, माइकही एकच आहे, आणि मिंगेल मामालाही बोलावलं आहे. टायगरला गाडीत घ्यायची परवानगी मी काढून ठेवली आहे, पण आवाजाच्या खोलीत कुत्र्यांना मनाई आहे. तिथे तुम्हाला थेट बोलावं लागेल.

त्याच्याही खाली. मामाला मी ते दृश्य रविवारी, तू चर्चला गेलेली असताना, घरी जाऊन दाखवलं. तीनदा बघितलं त्याने. त्याचे ओठ मला वाचता येतात: "बेसांव दी." तुझे पहिले शब्दही येतात: "देव बरां करूं." पण तू तिथे थांबली नाहीस, मावशी. हात त्याच्या डोक्यावर असताना तू आणखी काहीतरी बोललीस आणि ते मला लागत नाही. मला वाटलं त्याला विचारावं. तर त्यानेच मला विचारलं. "देव बरां करूं ता ती सगळ्यांकच म्हणता. फुडे काय बोलली गो? माका ऐकाक नाय येवला. कानात नुसतो धडाम." मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने व्हायोलिनची पेटी उघडली, बंद केली आणि म्हणाला, "इचारशीत तिका?" टायगर तिथेच बसला होता, पण या वेळी त्याने टायगरला सांगितलं नाही.

अगदी शेवटचं, आणि हे देवेशला कळता कामा नये. संगीतवाल्याने त्या जागी काल एवढे ढोल घातले आहेत, की तुम्ही तिथे काहीही बोललात तरी थेटरात एका माणसालाही ऐकू जाणार नाही. ते ढोल मीच मागून घेतले. गुरुवारी तरीही ये. गाद्यांच्या खोलीत तुम्ही दोघंच असाल. मी काचेपलीकडे बसेन, आणि माझे हेडफोन टेबलावर काढून ठेवलेले असतील.